बकलम कोण?

ज्यांच्या घरीं जुन्या खतांचीं व कबुलायतींचीं गांठोडीं अद्यापि राहिलीं आहेत त्यांनीं तीं एकदां सोडून पाहावीं. मोडी अक्षर वाचतां आलें नाहीं तरी चिंता नाहीं; कागदाच्या शेवटाकडे पाहावें. लिहून देणारा कुणबी असला तर तेथें नांगराची खूण आढळते, बाई असली तर बांगडीची. ज्यास लिहितां येत नसे तो आपल्या धंद्याची ही निशाणी करी, आणि ज्यानें तो कागद प्रत्यक्ष लिहिला त्याचें नांव 'बकलम' ह्या शब्दानें निराळें नोंदलें जाई. बकलम म्हणजे अमक्याच्या लेखणीनें. ज्यास स्वतः लिहितां येई तो 'बकलम खुद्द' असें लिही. अशा रीतीनें एकाच कागदावर दोन माणसें उभीं राहत. बोल कोणाचा हें निशाणी सांगे. अक्षर कोणाचें हें बकलम सांगे. पुढें कज्जा उपस्थित झाला तर पंचांस दोघांनाही बोलावून विचारतां येई. लिहितां न येणें ही ह्या व्यवहारांत लाजेची गोष्ट नव्हती. दुसऱ्याचें अक्षर आपलें म्हणून पुढें करणें ही मात्र लबाडी ठरली असती.

हा जुना शब्द आज उकरून काढण्यास कारण झालें आहे. ता. ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं अमेरिकेंतील ओपनएआय ह्या कंपनीनें चॅटजीपीटी नांवाचें साधन सर्वांसाठीं खुलें केलें. पुढें गूगलचें जेमिनी आलें, आणखीही आलीं. फोनवर प्रश्न टाकावा, आणि उत्तर, पत्र, अर्ज, निबंध, पद, प्रार्थना, जें मागावें तें घडीभरांत पुढें यावें, असा हा प्रकार आहे. ह्यास कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. प्रस्तुत लेखांत आपण त्यास साधें 'यंत्र' म्हणूं. त्याच्या पोटांत काय चालतें हें थोडक्यांत समजून घेणें बरें. मनुष्यांनीं लिहिलेल्या अफाट मजकुरावरून ह्या यंत्रास शिकविलेलें असतें, आणि कोणत्या शब्दांमागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हें गणितानें ठरवीत तें वाक्यें रचीत जातें. म्हणून त्याची भाषा सफाईदार असते. आणि म्हणूनच जें त्यास ठाऊक नाहीं तेंही तें ठाऊक असल्याच्याच ठसक्यानें सांगून टाकतें.

दापोडे, मानकोली, वळ, पूर्णा, राहनाळ ह्या भिवंडीच्या आसमंतांतील गांवांत जेथें एके काळीं भाताचीं खाचरें होतीं तेथें आतां गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. दूरदूरचा माल येथें उतरतो व येथून निघतो. त्या मालाबरोबर कागदही वाहतात: पावत्या, करार, रजेचे अर्ज, थकलेल्या मजुरीच्या मागण्या, नोकरीसाठीं इंग्रजींत लिहावयाचीं पत्रें. ज्या घरास कालपर्यंत कागद म्हटला कीं शाळेंतल्या गुरुजींकडे धांव घ्यावी लागे, त्या घरांतील मुलगा आज हें सर्व फोनवर लिहून घेतो. प्रश्न एवढाच कीं, ह्या नव्या लेखणीनें लिहिलेल्या कागदाखालीं बकलम लिहावें किंवा नाहीं? आणि लिहावें तर कोणत्या कागदाखालीं?

एक आक्षेप आरंभींच ऐकून घेतला पाहिजे, कारण त्यांत सत्य आहे. तरुण मंडळी म्हणतात, 'मोठ्या लोकांचीं भाषणें त्यांचे चिटणीस लिहितात, साहेबांचीं पत्रें कचेरींतील कारकून लिहितो, आणि खालीं सही साहेबांची असते. तेव्हां कोणीं विचारलें नाहीं कीं, बकलम कोण? आमच्या बापांस चार ओळींच्या अर्जासाठीं कचेरीबाहेर पैसे मोजावे लागले. आज प्रथमच आमच्या हातीं चिटणीस आला, तोंच तुम्ही प्रामाणिकपणाचे धडे देऊं लागलां!' ह्या बोलण्यास उत्तर नाहीं असें नाहीं. पण तें झिडकारून लावणें अन्यायाचें होईल. लेखणी आपल्या देशांत फार काळ थोड्यांच्याच हातीं होती. ती ज्यांच्या हातीं नव्हती त्यांच्या जमिनी कागदावरून कशा गेल्या, हें ठाणें जिल्ह्यांत कोणास सांगावयास नको. यास्तव मजुराच्या पोरानें यंत्राकडून अर्ज लिहून घेतला तर त्यास नांवें ठेवण्यास आमची जीभ उचलत नाहीं.

आणि अशा अर्जाखालीं बकलम लिहिण्याची गरजही दिसत नाहीं. पुराचें पाणी शेतांत शिरलें, पंचनामा व्हावा, असा अर्ज तहसीलदाराकडे गेला तर तो काय पाहतो? पाणी खरोखर शिरलें कीं नाहीं, गट क्रमांक बरोबर आहे कीं नाहीं. वाक्य कोणीं जुळविलें ह्याशीं त्यास कर्तव्य नाहीं, आणि तें कळल्यानें त्याचा निर्णयही बदलावयाचा नाहीं. पैसे घेऊन अर्ज लिहिणारे लोक पूर्वींपासून कचेरीबाहेर बसत आलेच आहेत. येथें कोणी फसत नाहीं. मात्र सही करण्यापूर्वीं अर्ज वाचावा, वाचतां येत नसेल तर दुसऱ्याकडून वाचून घ्यावा. ज्यानें केवळ भात लाविलें होतें त्याच्या अर्जांत यंत्र सोयाबीनही घालील, कारण महाराष्ट्रांतील पीकहानीच्या मजकुरांत सोयाबीन पुष्कळदां येतें. मग अर्ज खोटा ठरला तर चौकशीस आलेला अधिकारी यंत्रास जाब विचारावयास जाणार नाहीं.

जातां जातां एक गोष्ट. आमच्याकडील आगरी बोली बोलणाऱ्या आजीबाईनें सांगितलेलें गाऱ्हाणें यंत्रांतून बाहेर पडतें तें एखाद्या कचेरीच्या परिपत्रकासारखें. गाऱ्हाणें तेंच राहतें, पण आजी हरवते. तहसीलदाराच्या अर्जांत हें चालेल. परगांवीं असलेल्या नातवास लिहावयाच्या पत्रांत तें चालावयाचें नाहीं, कारण नातवास आजीच हवी असते.

येथूनच भेद सुरू होतो. कांहीं कागदांत शब्द हें केवळ वाहन असतें. आंतला माल पोंचला कीं काम झालें. दुसऱ्या कांहीं कागदांत शब्द हाच माल असतो, आणि घेणारा तो घेतो तो अमक्या मनुष्यानें आपल्या पदरचा दिला म्हणून. पहिल्या जातीच्या कागदास बकलम नसलें तरी चालेल. दुसऱ्या जातीच्या कागदास तें लिहिल्यावांचून सही करणें बरें नव्हे. कागद कोणत्या जातीचा हें ओळखण्यास एक साधी कसोटी सुचते. हें यंत्रानें लिहिलें असें घेणाऱ्यास उद्यां तिसऱ्याकडून कळलें, तर तो हंसून सोडून देईल, कीं त्यास फसल्यासारखें वाटेल? लिहितेवेळीं ह्या प्रश्नाचें उत्तर आपणांस बहुधा ठाऊक असतें. ठाऊक नव्हतें असें आपण मागाहून म्हणतों, ही गोष्ट निराळी.

शाळेंतील निबंधाविषयीं फार लिहावयास नको. जगांत पावसाळ्यावरील निबंधांचा तुटवडा पडला म्हणून गुरुजी मुलीस निबंध सांगत नाहींत. तिचा विचार व हात वळावा म्हणून सांगतात. यंत्राचा निबंध तिनें आपला म्हणून दिला तर ती गुरुजींस फसविते, आणि त्याहून अधिक स्वतःस नागविते. यंत्रास विचारून एखादें गणित समजून घेतलें व तसें गुरुजींस सांगितलें, तर त्यांत दोष कसला?

सांत्वनाच्या पत्राची गोष्ट अधिक नाजूक आहे. मुलगा गेलेल्या बापास चार ओळी लिहावयास बसलें म्हणजे भल्याभल्यांची लेखणी अडते. त्या बापास सुंदर वाक्यें नको असतात. कोणी तरी आपल्यासाठीं अर्धा तास बसला, अडखळला, हें त्यास हवें असतें. वेडीवांकडी ओळ तें सांगते. यंत्राची गुळगुळीत ओळ तें सांगत नाहीं, पण सांगितल्याचा भास मात्र उत्पन्न करिते. अशा ठिकाणीं बकलम लिहून तरी काय साधणार? 'आपल्या दुःखांत मी सहभागी आहें, बकलम चॅटजीपीटी' असें लिहिण्याचें धैर्य कोणास होईल? जेथें बकलम लिहिणें असें विपरीत दिसतें तेथें यंत्रास हातच लावूं नये, असें आमचें मत आहे. दोनच ओळी सुचल्या तर दोनच लिहाव्या. नाहीं सुचल्या तर जाऊन भेटावें.

चालचलणुकीच्या दाखल्याकडे मात्र आपलें पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं. पाळक, मुख्याध्यापक, सरपंच ह्यांच्याकडे शिफारसपत्रांची मागणी नित्य येते. नर्सिंगच्या शाळेंत जाणाऱ्या मुलीस दाखला हवा असतो. यंत्रास तिचें नांव सांगितलें कीं तें कष्टाळू, सेवाभावी, मनमिळाऊ, नेतृत्वगुणसंपन्न अशीं विशेषणें ओळीनें मांडून देतें. हीं विशेषणें त्या मुलीविषयीं नसतातच. दाखल्यांत तीं असावयाचीं म्हणून असतात. तिनें अंथरुणास खिळलेल्या आईची दोन वर्षें शुश्रूषा केली आणि त्यांतच परीक्षा दिली, हें वाक्य तिला ओळखणाराखेरीज कोण लिहील? दाखला वाचणारा मनुष्य पाळकाच्या डोळ्यांवर विश्वास ठेवून वाचतो. तेथें डोळे यंत्राचे, म्हणजे कोणाचेच नव्हेत, आणि सही पाळकाची. अशा दहा दाखल्यांनंतर त्या गांवच्या अकराव्या दाखल्यास कोणी किंमत देत नाहीं, आणि तो अकरावा नेमका खऱ्या गुणी मुलीचा असावयाचा. इंग्रजी येत नाहीं म्हणून यंत्राकडून भाषांतर करून घेतलें तर त्यांत लपविण्यासारखें कांहीं नाहीं. मूळ चार वाक्यें आपण मराठींत लिहावीं, भाषांतर यंत्राचें आहे असें खालीं नोंदवावें, आणि मग सही करावी. प्रस्तुत लेखकाकडे इंग्रजी पत्रें पुष्कळ येतात. त्यांचा मराठी गोषवारा पंचांपुढें ठेवितांना कोपऱ्यांत 'भाषांतर यंत्राचें, तपासलें' एवढे तीन शब्द लिहावयाचे असा त्याचा परिपाठ आहे. तीन शब्दांस फार शाई लागत नाहीं.

'तपासलें' हा शब्द त्यांत उगाच नाहीं. ऑक्टोबर २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयापुढें एका कंपनीच्या आयकर आकारणीचें प्रकरण आलें होतें. आकारणीच्या आदेशांत तीन न्यायनिर्णयांचा आधार घेतलेला होता. शोध घेतां, ते तीनही निर्णय अस्तित्वांतच नाहींत असें निघालें. न्यायालयानें तो आदेश रद्द केला, आणि बजावलें कीं, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ह्या काळांत यंत्रणेनें पुढें केलेल्या उत्तरांवर लोक फार विसंबूं लागले आहेत, परंतु न्यायदानासारखें काम ज्याच्याकडे आहे त्यानें तीं पडताळून पाहिल्यावांचून वापरूं नयेत. अमेरिकेंत न्यूयॉर्क येथें जून २०२३ मध्यें दोन वकिलांस व त्यांच्या संस्थेस ५,००० डॉलर दंड झाला होता. चॅटजीपीटीनें रचून दिलेले सहा खोटे निवाडे त्यांनीं न्यायालयास सादर केले होते. त्या प्रकरणांत लक्षांत ठेवण्याजोगें हें कीं, यंत्र वापरणें हाच अपराध असें न्यायाधीशांनीं म्हटलें नाहीं. विश्वसनीय साधनाची मदत घेण्यांत मुळांत गैर कांहीं नाहीं, असेंच त्यांनीं लिहिलें. दोष होता तो न तपासतां सही करण्याचा, आणि शंका विचारली गेल्यावरही खरें न सांगण्याचा. पहिल्याच दिवशीं त्यांनीं बकलम सांगितलें असतें, तर त्यांचें नांव जगभर झालें नसतें.

जुन्या बकलमांत व ह्या नव्या बकलमांत एक मोठें अंतर आहे तें येथें दिसतें. पूर्वींचा लिहिणारा हा मनुष्य होता. पंचांपुढें त्यास उभें करतां येई, शपथ घालतां येई. यंत्रास कोणत्या पंचांपुढें उभें करावयाचें? तें शपथ घेत नाहीं, लाजत नाहीं, तुरुंगांत जात नाहीं. तेव्हां यंत्राचें नांव घेतल्यानें सही करणाराचा भार हलका होत नाहीं. दोघांचा भार त्या एकट्यावर येतो. 'तें मीं नव्हे, यंत्रानें लिहिलें' ही सबब कधींही चालूं देऊं नये. केरळ उच्च न्यायालयानें जुलै २०२५ मध्यें आपल्या अधिकाराखालील न्यायालयांसाठीं जें धोरण ठरविलें त्यांत निर्णय यंत्रावर सोंपवूं नये असें सांगितलें आहे, आणि यंत्र जेथें जेथें वापरलें त्याची नोंद ठेवण्यासही सांगितलें आहे. न्यायाधीशांस ज्याची नोंद ठेवावी लागते ती ठेवण्यांत ग्रामपंचायतीस किंवा मंडळीच्या पंचांस कमीपणा वाटूं नये.

दुसऱ्याच्या लेखणीचें नांव घेतल्यानें लिखाणाची योग्यता उतरते काय? आपल्या पवित्र शास्त्रांतच पाहूं. रोमकरांस पाठविलेलें पत्र पौलाचें, परंतु तें ज्यानें कागदावर उतरविलें तो तर्तिय शेवटच्या अध्यायांत आपलें नांव सांगून मंडळीस सलाम करितो. पेत्रही सिल्वानाच्या हस्तें लिहिल्याचें आपल्या पहिल्या पत्रांत सांगतो. आणि जेथें खात्री पटविण्याची गरज आहे तेथें पौल लेखणी स्वतः घेऊन आपल्या अक्षरानें चार शब्द लिहितो, व हें माझें अक्षर असें मुद्दाम सांगतो. थेस्सलनीकाकरांस तर तो ही आपल्या प्रत्येक पत्राची खूण म्हणून कळवितो. बकलम व बकलम खुद्द, दोन्ही पौलाच्या पत्रांत! तर्तियाचें नांव वाचून रोमकरांस पत्राचें मोल कमी आहे असें कोणीं म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं.

आपल्या भाषेंतही असेंच आहे. विल्यम केरी ह्यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण छापलें. ते फोर्ट विल्यम कॉलेजांत मराठीचे अध्यापक होते, परंतु मराठी मुलखापासून शेंकडों कोस दूर बंगालांत बसलेले. त्यांस साह्य झालें तें कॉलेजांतील मराठीच्या मुख्य पंडितांचें, वैजनाथ ह्यांचें, आणि व्याकरणाच्या प्रस्तावनेंत त्यांनीं तें नांवानिशीं सांगितलें. लोक पंडितांस विसरले हा लोकांचा दोष, केरींचा नव्हे. नारायण वामन टिळक १९१९ सालीं निवर्तले तेव्हां त्यांचें 'ख्रिस्तायन' अपुरें होतें. तें लक्ष्मीबाईंनीं पुढें नेलें, आणि त्यांत दोघांचा हात आहे ही गोष्ट वाचकांपासून लपवून ठेवली गेली नाहीं. त्यामुळें टिळकांची थोरवी घटली नाहीं, आणि ज्या बाईस शाळेचें तोंड पाहावयास मिळालें नव्हतें तिची थोरवी मात्र महाराष्ट्रास कळली.

परंतु हें सर्व सांगून झाल्यावरही एक अडचण उरते, आणि ती झांकून पुढें जाणें बरोबर होणार नाहीं. खरें सांगणारास आज तोटा होतो. अमेरिकेंत ॲरिझोना विद्यापीठांतील दोन संशोधकांनीं १३ प्रयोगांचा एक अभ्यास २०२५ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत असें दिसलें कीं, आपण यंत्राचें साह्य घेतलें असें जो कबूल करितो त्याच्यावरील लोकांचा विश्वास, कांहींच न बोलणाराच्या मानानें कमी होतो. मात्र जो लपवितो आणि मागाहून दुसऱ्याकडून उघडा पडतो, त्याच्यावरील विश्वास ह्याहूनही अधिक ढांसळतो. म्हणजे व्यवहाराचा हिशेब असा: सांगाल तर थोडें गमवाल, लपवून सांपडाल तर पुष्कळ गमवाल, लपवून न सांपडाल तर कांहींच गमवावयाचें नाहीं. ह्या तिसऱ्या आशेवरच जगांतील बहुतेक लबाडी चालते.

तेव्हां दोष एकट्या लपविणाराच्या माथीं मारून कसें चालेल? ज्या सभेंत एखादा शिक्षक उभा राहून म्हणतो, 'हा अहवाल मीं यंत्राच्या मदतीनें लिहिला, आंकडे मात्र मीं स्वतः पाहिले', आणि मागच्या बांकावरून हंसूं येतें, त्या सभेनें त्या दिवशीं पांच माणसांस लपवावयास शिकविलें. यंत्र वापरणारे त्या हंसणारांतही असतात, बहुधा अधिकच. सांगणारास विचारावयाचें तें एवढेंच कीं, आंकडे कोठून घेतले? उत्तर समाधानकारक असलें तर अहवाल मंजूर करावा. ज्यास मराठींतून नीट लिहितां येत नाहीं, ज्याची शाळा चौथींत सुटली, त्यानें यंत्राचा आधार घेतला व तसें सांगितलें, तर त्याच्या त्या सांगण्यास आपण अंगठ्याच्या निशाणीइतका तरी मान द्यावा. दुसऱ्याच्या ओंजळीनें पाणी पिण्याची पाळी आपणां सर्वांवर कधीं ना कधीं येतेच; ओंजळ कोणाची हें सांगणाराचीच थट्टा कां व्हावी?

उपदेशाचा विषय आमच्या मंडळींत कुजबुजीनें निघूं लागला आहे, म्हणून त्याविषयीं उघड लिहितों. ता. ९ जून २०२३ रोजीं जर्मनींतील फ्यूर्थ ह्या शहरीं सेंट पॉल मंदिरांत एक विलक्षण उपासना झाली. प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या मोठ्या मेळाव्यांतील तो एक कार्यक्रम होता. व्हिएन्ना विद्यापीठांतील योनास झिमरलाइन ह्या तत्त्वज्ञाच्या योजनेप्रमाणें त्यांतील उपदेश व प्रार्थना बहुतांशीं चॅटजीपीटीनें रचल्या होत्या, आणि वेदीवरील पडद्यावर दिसणाऱ्या आकृतींनीं त्या म्हणून दाखविल्या. ३०० हून अधिक लोक सुमारें ४० मिनिटें बसले होते. कांहींस तो प्रकार निर्जीव वाटला, कांहींस अपेक्षेहून बरा वाटला. आम्हांस तशी उपासना आपल्याकडे नको आहे. तथापि तिच्याविषयीं एक गोष्ट मान्य करावी लागते: दारांतून आंत येणाऱ्या प्रत्येकास ठाऊक होतें कीं, बोलणार कोण.

ह्याच्या उलट, शनिवारीं रात्रीं फोनवरून उपदेश उतरून घ्यावा आणि रविवारीं 'ह्या आठवड्यांत माझ्या अंतःकरणांत एक विचार आला' अशी सुरुवात करावी, हा प्रकार पाहा. टीकाग्रंथांचा आधार उपदेशक नेहमींच घेत आले. उपदेशांचे संग्रहही पूर्वींपासून छापले जात आहेत, आणि त्यांतून उचलेगिरी करणारेही पूर्वींपासून आहेत. परंतु यंत्र एक नवीन गोष्ट करतें. तें उपदेशकासाठीं साक्ष रचून देतें. 'गेल्या मंगळवारीं मी एका विधवेच्या घरीं गेलों होतों, ती डोळे पुसत म्हणाली' असें वाक्य तें सहज लिहून जातें. कारण उपदेशांत अशीं वाक्यें येतात. ती विधवा कोठेंही नाहीं. मोठ्या शहरांत हें खपून जाईल. गांवांत विधवा किती व पाळक मंगळवारीं कोठें होता, हें बांकावर बसलेल्या सर्वांस ठाऊक असतें. आणि समजा नसलें ठाऊक, तरी न भेटलेल्या मनुष्याची साक्ष देणें ह्यास शास्त्रांत काय म्हटलें आहे तें उपदेशकास शिकवावयास नको. पुस्तकाचा अर्थ समजून घेण्यासाठीं, कालगणना पाहण्यासाठीं, आपला मसुदा कोठें लांबला हें विचारण्यासाठीं यंत्र वापरावें, आणि कोणीं विचारलें तर न अडखळतां सांगावें. पाहिलें, भोगलें, ऐकलें असें जें जें उपदेशांत येतें तें मात्र बकलम खुद्दच पाहिजे.

आतांपर्यंत आपण घेणाऱ्याविषयीं बोललों. परंतु ज्याच्याविषयीं लिहिलें जातें त्याचाही ह्यांत वांटा आहे, आणि त्याची आठवण बहुधा कोणास होत नाहीं. पाळकापाशीं, डॉक्टरापाशीं, शाळेंतल्या बाईंपाशीं लोक आपलें मन मोकळें करितात. नवऱ्याचें व्यसन, सासूचा जाच, कर्ज, मुलीच्या लग्नाचें मोडलेलें बोलणें. ऐकणारास सल्ला सुचत नाहीं, आणि तो रात्रीं फोन काढून सर्व हकीकत यंत्रापुढें मांडतो. हेतु चांगला असतो. पण हकीकत आतां त्या फोनांत राहिली नाहीं. ती परक्या कंपनीच्या संगणकांवर गेली, आणि ती तेथें किती काळ राहील, पुढच्या यंत्रास शिकविण्यास तिचा उपयोग होईल किंवा नाहीं, हें त्या कंपनीच्या अटींवर व आपण न वाचलेल्या एका बटणावर अवलंबून आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठीं आपल्या देशांत २०२३ सालीं कायदा झाला आहे, आणि माहिती घेतांना संमति घ्यावी हें त्याचें मुख्य सूत्र आहे. कायद्याची कलमें वकील पाहतील. पण जी बाई ओटीवर बसून हलक्या आवाजांत बोलली, दार लोटून घ्या म्हणाली, तिला असें वाटत होतें कीं, ऐकणारे दोनच कान आहेत.

तेव्हां तिचें नांव, गांव, नात्यांची खूण काढून टाकूनच यंत्रास कांहीं विचारावें. तेवढ्यानें भागत नसेल, सर्व हकीकत सांगितल्यावांचून सल्ला मिळत नसेल, तर आधीं तिला विचारावें: 'ताई, हें मी फोनवरच्या यंत्रास विचारून पाहूं काय? तें परक्या ठिकाणीं जातें.' पुष्कळ बाया हो म्हणतील. एखादी नाहीं म्हणेल. ती नाहीं म्हणाली तर फोन बाजूस ठेवावा आणि तिचें बोलणें पुरें होईतों बसून राहावें.